बाबांची साखर, वहिनीचा डबा आणि अकराची पेज

माडाखालची | ११ जून, रात्री ९.४०

मंडळी, लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

बाबा ६३ वर्षांचे. घर फोंडा तालुक्यात, मागे थोडं कुळागर (सुपारी-नारळाची बाग). मे महिन्यात तळपायाला मुंग्या येतात म्हणून रक्त तपासलं तर एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ८.१, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २४०. पोटाचा घेर मीच शिवणाच्या टेपने मोजला, ९८ सेंटिमीटर. मेटफॉर्मिन सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, "भात कमी, चालणं जास्त," आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. बाबा घरी येईपर्यंत गप्प होते. अंगणात चपला काढताना एवढंच म्हणाले, "कमी म्हणजे किती, तें विचारलंच नाही."

आमच्याकडे सकाळी अकराला पेज, दुपारी शीत (भात) आणि हुमण (माशांची कढी), रात्री उरलेलं शीत. मधल्या वेळेला पोदेराचा (पाववाल्याचा) पाव. आता ह्यात कमी कुठून करायचं?

बातमी गावभर झाल्यावर औषधं यायला लागली. वहिनीने ९०० रुपयांचा डबा आणला, वर 'मधुमेहींसाठी वनस्पतीजन्य फंक्शनल फूड' असं छापलंय. मावशीने इन्सुलिनच्या झाडाची कुंडी आणली. शेजारचे काका रोज सकाळी कारल्याचा रस घेऊन दारात. आतेबहीण म्हणते फणसाचं पीठ. कोणी म्हणतं नाचणी. बाबा सगळ्यांना "हो हो" म्हणतात आणि पेज पितात.

तर प्रश्न असा: ह्यातलं खरोखर कशाने फरक पडतो? आणि विकतच्या डब्यापेक्षा आपल्या गोव्याच्या जेवणातलंच काही उपयोगी आहे का? एक अट. नुस्तं (मासे) सोडायला सांगू नका. घरात बंड होईल.

---

सुंगटाची_कढी | ११ जून, रात्री ९.५२

काजूचं बोंड झाडाला लागतं, म्हणजे फेणी वनस्पतीजन्य. फंक्शन तर तिच्याशिवाय होतच नाही. माझ्यापुरता धागा संपला.

---

बिनसाखरेचा | ११ जून, रात्री १०.१५

सुंगटाची कढी, 😄 पण फेणीवर आणि रिकाम्या पोटी साखर किती खाली जाते ते अनुभवलेल्याला विचारा.

ताई, मी १४ वर्षं मधुमेही. कारल्याच्या रसाबद्दल आधी बोलतो, कारण ते मला महागात पडलंय. माझी ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) चालू होती. कोणीतरी सांगितलं म्हणून वर रोज पेलाभर कारल्याचा रस. डॉक्टरांना सांगितलं नाही, "रसच तर आहे." एक दिवस सकाळी घाईत नाश्ता न करता म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला निघालो. बसमध्ये घाम, हात थरथरायला लागले, समोरचं दिसेना. बाजूच्या बाईंनी पिशवीतली दोन केळी खायला दिली. उतरल्यावर दवाखान्यात मोजली तर ५४. केळी खाऊन ५४, म्हणजे आधी किती असेल देव जाणे.

दोष रसाचा, गोळीचा की उपाशी पोटाचा, हे कोणी ठरवून सांगू शकलं नाही. तिन्ही एकत्र आले एवढं खरं. बाबा फक्त मेटफॉर्मिनवर आहेत, त्याने एकट्याने साखर सहसा इतकी कोसळत नाही. पण काकांना सांगा की पेला दारातून आत येण्याआधी डॉक्टरांच्या कानावर जाऊ दे.

---

परसूतली | ११ जून, रात्री १०.४०

माझी आजी ९१ वर्षं जगली. तीन वेळा उकड्या तांदळाचं शीत, रोज पेज, नारळ तर मोजतच नव्हतो. साखर म्हणजे काय ते तिला माहीत नव्हतं. आपलं जेवण वाईट नाही, आपण मुंबईसारखं जगायला लागलो तिथे बिघडलं. भात सोडा म्हणणारे डॉक्टर आधी स्वतः सोडतात का?

---

शंकेखोर | ११ जून, रात्री ११.०५

परसूतली, तुमच्या आजीने भात कांडला, शेतात लावणी केली, विहिरीचं पाणी काढलं. साखर माहीत नव्हती कारण कोणी मोजत नव्हतं. आता मोजतात. आयसीएमआर-इंडियाब ही देशभरची मधुमेह पाहणी २०२३ मध्ये लॅन्सेटच्या मधुमेहावरच्या नियतकालिकात आली. देशात मधुमेहाचं प्रमाण ११.४ टक्के, गोव्यात २६.४. देशात पहिला नंबर आपला. फुटबॉलमध्ये आला असता तर मिरवणूक काढली असती.

माडाखालची, डब्याविषयी. मी तीस वर्षं औषधांच्या दुकानाच्या काउंटरमागे काढली, त्यामुळे डबे वाचायची खोड आहे. 'फंक्शनल फूड' (पोट भरण्यापलीकडे तब्येतीला फायदा देणारं अन्न) ही कल्पना जपानची, १९८०च्या दशकातली. १९९१ मध्ये तिथल्या सरकारने 'फोशू' नावाची परवानगीची पद्धत आणली. पुरावा दाखवा, मग दावा छापा. आपल्याकडे एफएसएसएआयचे (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे) नियम २०१६ चे. रोग बरा करतो असं छापायला त्यात मनाई आहे. म्हणून 'साखर बरी करतो' असं न लिहिता 'मधुमेहींसाठी' असं लिहितात. वाचणाऱ्याने पुढचं मनात भरून घ्यायचं.

दोन गोष्टी बघून इथे लिहा. डब्यावर 'औषधी वापरासाठी नाही' असं इंग्रजीत कुठे आहे का? आणि घटकांच्या यादीत पहिलं नाव कोणतं? यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते.

---

माडाखालची | १२ जून, सकाळी ७.२०

शंकेखोर, चष्मा लावून बघितलं. 'औषधी वापरासाठी नाही' आहे, तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात.

पहिला घटक: माल्टोडेक्स्ट्रिन. नाचणी, मेथी आणि जांभळाची बी सातव्या-आठव्या नंबरावर.

---

शंकेखोर | १२ जून, सकाळी ७.४५

माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे स्टार्च फोडून केलेली भुकटी. साखर वाढवण्यात ती साखरेला ऐकत नाही. वहिनींना दुखवू नका, त्यांनी प्रेमाने आणलंय. डबा चांगला घट्ट झाकणाचा असेल तर ठेवा.

---

पोरगा_पेडण्याचा | १२ जून, सकाळी ८.१०

दुबईत बसून हा धागा वाचतोय आणि बाजूला पोदेराचा भोंपू ऐकू येतोय असं वाटतंय. पोई (आपला कोंड्याचा पाव) चालते का ते सांगा आधी. पोई म्हणजे कोंडा, कोंडा म्हणजे तंतू, असं आईला पटवलं होतं.

---

कुळागर | १२ जून, सकाळी ८.३५

पोरग्या, पोई फोडून आत बघ. पूर्वी पीठच जाड असायचं. आता बऱ्याच ठिकाणी आत मैदा आणि वरून कोंडा भुरभुरवलेला, लग्नातल्या अत्तरासारखा. तुमच्या पोदेराला विचारल्याशिवाय कळणार नाही. आमचा अजून अर्धं-अर्धं घालतो. सांगतो कुणालाही, लपवत नाही.

बाकी ह्या दिवसांत बाजारात बघा काय काय आहे. तायकिळो आलाय (घाटावरचे टाकळा म्हणतात), तेरें (रानअळू) आलंय, मशिंगाचा (शेवग्याचा) पाला तर परसात फुकट. तांबडी भाजी आहेच. अळसांदे (चवळी), कुळीथ, मूग घरात असतात. मुगागाठी, अळसांद्याचं तोणाक (नारळाच्या वाटणाची उसळ), कुळथाची पिठी, खतखतें (मिश्र भाजी). हे सगळं पानात असायचं. पण ते बाजूला वाढतो चमचाभर, आणि मधे शीताचा डोंगर. चवथीला गणपतीवरच्या माटोळीला जेवढ्या जातीची फळं आणि पाला बांधतो, त्यातलं वर्षभरात खातो किती?

---

दोन_चमचे | १२ जून, सकाळी ९.१५

ओट्स! एवढंच लिहायला आले. त्यातला बीटा-ग्लुकन नावाचा तंतू, रोज ३ ग्रॅम, कोलेस्टेरॉल उतरतं. अमेरिकेच्या एफडीएने (अन्न-औषध खात्याने) १९९७ मध्येच दावा मान्य केलाय. इसबगोलाचाही मान्य केलाय, १९९८. माझं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १६२ वरून १३८ वर आलं आणि मी फार काही केलं नाही.

---

सुंगटाची_कढी | १२ जून, सकाळी ९.२२

बांगड्याच्या हुमणात ओट्स घालून बघितलेत का? नको. मीच सांगतो, नको.

---

वाटीभर | १२ जून, दुपारी २.३०

मी आहारतज्ज्ञ, म्हापशाच्या बाजूला प्रॅक्टिस. रोज हेच प्रश्न असतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. औषधांबद्दल काही बदलायचं असेल तर ते तुमच्या डॉक्टरांशीच बोला.

बाबांनी अंगणात चपला काढताना जे विचारलं तोच खरा प्रश्न आहे. 'किती?' त्याच्याच जोडीला दुसरा, 'कशाच्या ऐवजी?' बाजारातली पूड, पाला, रस, सगळं 'ह्याच्या वर हे घ्या' असं येतं. तीन वेळा शीत तसंच, वर दोन चमचे पूड. मग फरक कुठून पडणार?

फणसाचं पीठ घ्या. आंध्रातल्या श्रीकाकुलमच्या सरकारी मेडिकल कॉलेजातली चाचणी २०२१ मध्ये छापून आली. टाइप २ चे ४० रुग्ण, १२ आठवडे, रोज ३० ग्रॅम कच्च्या फणसाचं पीठ. ज्यांनी ते घेतलं त्यांचं एचबीए१सी उतरलं. पण ते पीठ तांदळाच्या किंवा गव्हाच्या पिठाच्या *ऐवजी* होतं. आणि रुग्ण ४०च, तेव्हा त्यावरून देव्हाऱ्यात ठेवू नका. कच्चा फणस, हेही लक्षात ठेवा. पिकलेल्या रसाळ गऱ्यांना हे लागू नाही. आणि पिठाला पैसे घालण्याआधी कुवल्याची भाजी आठवा. तीही फणसच आहे, आणि ती पानात आली की शीताची जागा आपोआप खाते.

मेथीबद्दल हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत १९८० ते १९९०च्या काळात काम झालं. एका अभ्यासात साखर चांगली उतरली, पण त्यात तेल काढलेल्या मेथीची पूड दिवसाला १०० ग्रॅम दिली होती, दोन जेवणांत विभागून. १०० ग्रॅम! आपण रात्री चमचाभर दाणे भिजवतो, सकाळी गिळतो आणि पुण्य पदरात पडलं समजतो. मेथीतला चिकट तंतू जठरातून अन्न हळू सोडतो, काम त्याचंच आहे, पण तो पुरेसा पोटात जायला हवा. १०० ग्रॅम कुणीच खाऊ नका, पोट फुगून रांगेत उभे राहाल.

कारल्याची भाजी उत्तम. रसावर औषध म्हणून भिस्त नको. २०१२ च्या कॉक्रेन आढाव्यात (ते जगभरच्या चाचण्या एकत्र करून तपासतात) कारल्याचा मधुमेहावर उपयोग होतो असं म्हणायला पुरेसा पुरावा मिळाला नव्हता. दालचिनीचंही त्याच वर्षी तेच. शिवाय दुकानात 'दालचिनी' म्हणून बहुतेक कॅशिया मिळते, तिच्यात कौमारिन असतं आणि ते रोज जास्त प्रमाणात यकृताला बरं नाही. इन्सुलिनच्या झाडाचं म्हणाल तर नाव ऐकून लोक इंजेक्शन बंद करतात, मला त्याचीच भीती वाटते. पानात इन्सुलिन नसतं. बहुतेक काम उंदरांवर झालंय.

नाचणी. चुन्याचं प्रमाण १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, सालीत पॉलिफेनॉल, सगळं छान. पण बारीक पीठ, पातळ शिजवलेलं, त्यात गूळ आणि नारळाचा रस, म्हणजे आपलं तिझन, ते साखर भरभर वाढवतं. (तिझन की तिझाण की तिजण, शुद्धलेखनात पडू नका, मी डिचोलीची.) नाचणीची जाड भाकरी आणि कुळथाची पिठी ही वेगळी गोष्ट. धान्य तेच, पण पोटात पोचताना किती फुटलेलं आहे त्यावर सगळं ठरतं.

पेजेबद्दल रात्री लिहिते. क्लायंट आलेत.

---

परसूतली | १२ जून, दुपारी ३.०५

पेजेबद्दल काय लिहिणार आहात ते मला माहीत आहे. 😒

---

कोलेस्टेरॉल_काका | १२ जून, दुपारी ४.५०

ट्रायग्लिसराइड आणि कोलेस्टेरॉलवर एक सोपा उपाय सांगतो. परसात बिंबलं (बिलिंबीची आंबट फळं) असतात ना, त्यांचा रस. उपाशी पोटी अर्धा पेला. आमच्या ऑफिसातला एक जण घेतो, एकदम फर्स्ट क्लास आहे.

---

शंकेखोर | १२ जून, संध्याकाळी ५.०२

थांबा. हा प्रतिसाद वाचून कोणी परसात जाऊ नका.

केरळात कोलेस्टेरॉलसाठी नेमका हाच रस पिऊन मूत्रपिंड निकामी झालेल्या दहा रुग्णांची नोंद २०१३ मध्ये इंडियन जर्नल ऑफ नेफ्रॉलॉजीत आली आहे. दहापैकी सात जणांना डायलिसिस लागलं. बिंबलात ऑक्झॅलेट भरपूर असतं. रस काढला की मोठी मात्रा एकदम रक्तात जाते आणि त्याचे स्फटिक मूत्रपिंडात अडकतात. हुमणात दोन-चार बिंबलं टाकणं वेगळं, अर्धा पेला रस उपाशी पोटी वेगळं. ज्यांचं मूत्रपिंड आधीच कमजोर आहे त्यांनी करमलंही (स्टारफ्रूट) टाळावीत. मधुमेहात मूत्रपिंडाचंच तर भय असतं.

'झाडाचं आहे, अपाय नाही' हे वाक्य ऐकलं की मला धडकी भरते. दुधीचा रस घ्या. कडू लागला तरी 'औषध कडूच असतं' म्हणून लोक संपवायचे. मृत्यू झाले, आयसीएमआरने समिती नेमली, २०११ मध्ये तिने सांगितलं की कडू लागला तर पिऊ नका. आणि बाबांची ती मेटफॉर्मिन? तिचं मूळही झाडातच आहे. गॅलेगा नावाचं युरोपातलं रोप. त्यातल्या द्रव्याचा माग काढत काढत फ्रान्समध्ये जाँ स्टर्न यांनी १९५७ मध्ये ती मधुमेहासाठी वापरून दाखवली. झाडातला गुण घेतला, विष बाजूला काढलं, मात्रा मोजली. मग गोळी झाली. तुम्ही गोळीला नावं ठेवून पाल्याकडे जाता तेव्हा उलट्या दिशेने चालता.

---

कोलेस्टेरॉल_काका | १२ जून, संध्याकाळी ५.४०

बाप रे. ऑफिसातल्याला फोन केला. उद्या क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) करायला जातोय. आभार.

---

व्यवस्थापक | १२ जून, संध्याकाळी ६.१५

'मधुमेह मुळापासून बरा, ४५ दिवसांत' असा मोबाइल क्रमांकासकट आलेला प्रतिसाद काढला आहे. फेणीवरचे प्रतिसाद तूर्त ठेवले आहेत.

---

वाटीभर | १२ जून, रात्री ९.३०

परसूतली, वाचा तरी. मी पेजेच्या विरुद्ध नाही.

उकडा तांदूळ हा पांढऱ्या पॉलिश तांदळापेक्षा बरा, हे खरं. भात सालीसकट उकडल्यामुळे कोंड्यातली ब जीवनसत्त्वं दाण्यात मुरतात आणि स्टार्चही वाळताना थोडा घट्ट होतो, त्यामुळे तो जरा हळू पचतो. पण 'जरा'. तो पांढऱ्या तांदळाचा थोरला भाऊ आहे, कुळथाचा नाही. आणि पेजेत आपण तो फुटेपर्यंत शिजवतो, म्हणजे निम्मा फायदा चुलीवरच सोडतो. माडाखालची, बाबा पेज किती घेतात आणि बरोबर काय असतं?

---

माडाखालची | १२ जून, रात्री ९.५०

तीन दवले. (बाहेरच्यांसाठी: दवलो म्हणजे करवंटीचा डाव.) बरोबर आंब्याचं लोणचं, नाहीतर खारें.

---

वाटीभर | १२ जून, रात्री १०.१०

म्हणजे स्टार्च आणि मीठ. त्याच वेळी, त्याच पानात, एक दवलो पेज आणि वाटीभर अळसांद्याचं किंवा मुगाचं तोणाक ठेवा. लोणच्याची फोड एक. आठवडाभर करा. ग्लुकोमीटर आहे ना? जेवणानंतर दोन तासांनी मोजा, आधी जुन्या पद्धतीने एक दिवस, मग नव्या. बाबांना आकडे दाखवा. माझ्या अनुभवात पुरुष माणसं बायकोचं, मुलीचं, डॉक्टरचं ऐकत नाहीत, मशीनचं ऐकतात.

आणि नुस्तं सोडायची काहीच गरज नाही. बांगडा, तारले खुशाल खा. रव्यात घोळवून तेलात पोहायला सोडू नका, एवढंच. उलट, जे पूर्ण शाकाहारी आहेत आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेतात त्यांना बी-१२ तपासून घ्यायला सांगते, ती गोळी ते कमी करते. बाबांच्या पायाच्या मुंग्या आहेत, तेव्हा डॉक्टरांना हेही विचारा.

---

बिनसाखरेचा | १३ जून, सकाळी ६.५०

मशीनचं ऐकतात हे शंभर टक्के. माझ्या बायकोने पाच वर्षं सांगितलं की संध्याकाळची मिक्स भजी बंद करा. एक दिवस स्वतः मोजलं, २४१. तेव्हापासून अर्धी प्लेट.

---

सडपातळ_पण | १३ जून, सकाळी ८.००

एक शंका. माझं वजन ५८, उंची ५ फूट ७. तरी साखर. सगळे म्हणतात "तुला कशी?" तुम्ही सगळे पोटाच्या घेराबद्दल बोलताय.

---

वाटीभर | १३ जून, सकाळी ८.४०

तुम्ही एकटे नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ह्यावर वर्षानुवर्षं काम केलंय. आपल्याकडे हाडकुळ्या दिसणाऱ्या अंगातही चरबी जास्त आणि स्नायू कमी असू शकतात. २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये त्यांचा आणि एका ब्रिटिश डॉक्टरांचा फोटो छापून आला होता, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखा, शरीरातली चरबी मात्र याज्ञिकांची दुपटीहून जास्त. म्हणून भारतीय पुरुषांसाठी पोटाच्या घेराची मर्यादा ९० सेंटिमीटर आणि बायकांसाठी ८० धरतात. तुमचा घेर मोजा. आणि चालण्यासोबत थोडं वजन उचला.

---

कुळागर | १३ जून, सकाळी ९.१०

आमच्याकडे वजन उचलायला या. सुपारी काढायचे दिवस लांब असले तरी शेण टाकायचं आहे.

---

परसूतली | १३ जून, दुपारी १२.२०

ठीक आहे, पेजेचं पटलं अर्धं. पण नारळाला हात लावू नका.

---

शंकेखोर | १३ जून, दुपारी १२.४५

नारळ साखर वाढवत नाही, तेव्हा निम्मी जिंकलात. पण खोबरेल तेलाने एलडीएल इतर बियांच्या तेलांपेक्षा वाढतं, हे अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ मध्ये स्पष्ट लिहिलं. हुमणात नारळ घाला, पण शेवटी ताटलीत उरलेली कढी पावाने पुसून घेणं बंद करा. मी केलंय. दुःख होतं.

आणि सोलकढीवरून 'कोकम चरबी जाळतं' असं म्हणून कोणी गार्सिनियाच्या (कोकमाच्या कुळातल्या फळाच्या) कॅप्सूल सुचवायच्या आत सांगतो, त्या कॅप्सूलमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. आगळ (कोकमाचा खारवलेला रस) पाण्यात घालून बिनसाखरेची प्या. बाटलीतलं लाल सरबत म्हणजे साखरेचा पाक.

---

पोरगा_पेडण्याचा | १३ जून, दुपारी १.३०

शिळं शीत खाल्लं तर साखर कमी वाढते म्हणे?

---

वाटीभर | १३ जून, रात्री ९.००

थोडी. भात थंड झाला की स्टार्चचा काही भाग न पचणारा होतो, गरम केला तरी थोडा टिकतो. फ्रिजमध्ये ठेवला तर. ओट्यावर रात्रभर ठेवून पोट बिघडवून घेतलंत तर साखर नक्की उतरेल, पण वेगळ्या मार्गाने.

---

*(धागा १४ जूनपासून शांत)*

---

माडाखालची | १७ सप्टेंबर, रात्री ८.१५

धागा वर आणते. बऱ्याच जणांनी व्यक्तिगत संदेशात विचारलं होतं.

चवथ झाली. नेवऱ्या झाल्या. बाबांनी पहिल्या दिवशी पाच खाल्ल्या, लपवून, मला पातोळीच्या पानाखाली दोन सापडल्या. पण तपासणी आम्ही चवथीच्या आधीच उरकली होती. एचबीए१सी ७.२, ट्रायग्लिसराइड १८८, घेर ९४.

काय केलं ते सांगते. पहिल्या दिवशी तीन दवले पेज आणि लोणचं, दोन तासांनी २३१. दुसऱ्या दिवशी एक दवलो आणि अळसांद्याचं तोणाक, १७६. बाबांनी मशीन बिघडली म्हणून परत टोचून घेतलं, १७३. त्यानंतर मी काही सांगितलंच नाही. स्वतः वहीत लिहायला लागले. खतखत्यानंतर किती, पोईनंतर किती, कुवल्यानंतर किती. निळ्या शाईने जेवण, लाल शाईने आकडा. एका पानावर "फातोड्याच्या मॅचनंतर, २१०, कारण माहीत आहे" असं लिहिलंय.

फणसाचं पीठ घेतलं नाही. कच्चे फणस जूनअखेर संपले, तेवढ्यात तीन वेळा भाजी झाली. कारल्याचा रस बंद, काका थोडे नाराज, आता ते कारलीच देतात. रात्रीचं शीत जवळजवळ गेलं, त्या जागी भाकरी. रोज पाऊण तास चालणं, पावसात कुळागरातल्या वाटेवरच. बी-१२ कमी निघालं, इंजेक्शनं झाली, मुंग्या कमी आहेत.

पण खरं सांगायचं तर जुलैत डॉक्टरांनी मेटफॉर्मिनचा डोसही वाढवला. तेव्हा अळसांद्यांना किती मार्क आणि गोळीला किती, मला सांगता येणार नाही. बाबा सगळं श्रेय वहीला देतात.

---

शंकेखोर | १७ सप्टेंबर, रात्री ८.४०

डोस वाढवल्याचं लिहिलंत, त्याबद्दल तुम्हाला माझ्याकडून एक नेवरी.

---

परसूतली | १७ सप्टेंबर, रात्री ८.५५

आणि मीही पेज एक दवल्यावर आणली. कोणाला सांगू नका.

---

सुंगटाची_कढी | १७ सप्टेंबर, रात्री ९.०५

वहिनीच्या डब्याचं काय झालं? आणि इन्सुलिनच्या झाडाचं?

---

माडाखालची | १७ सप्टेंबर, रात्री ९.२०

डब्यात पुढच्या वर्षीचं अळसांद्यांचं बियाणं आहे. झाकण खरंच घट्ट आहे. इन्सुलिनचं झाड तुळशीच्या मागे फोफावलंय, फूल छान येतं, मावशी आली की ते दाखवते. आणि बिंबलं ह्या वर्षी माटोळीला बांधली. भरपूर होती.

---

कोलेस्टेरॉल_काका | १७ सप्टेंबर, रात्री ९.३१

ऑफिसातल्याचं क्रिएटिनिन नॉर्मल आलं होतं, सांगायचं राहिलं. रस सोडलाय. आता ओट्स खातो आणि सगळ्यांना ओट्सवर व्याख्यान देतो.

---

दोन_चमचे | १७ सप्टेंबर, रात्री ९.३३

🙏

---

कुळागर | १८ सप्टेंबर, सकाळी ६.१५

माडाखालची, खायचे अळसांदे संपले असतील तर कळवा. आमच्याकडे गावठी लाल आहेत, बारीक दाण्याचे. बुधवारी फोंड्याला येतोय.

---

माडाखालची | १८ सप्टेंबर, सकाळी ६.४०

दोन किलो आणा. बाबा विचारतायत, शिजायला किती शिट्ट्या लागतात?